मुळशीकडे बंद रिसॉर्टच्या मागे जुने पिंजरे सापडलेत, इथे कुठले प्राणी होते कुणाला सांगता येईल का?

टेकडीवाला:
नमस्कार मंडळी. मुळशीच्या बाजूला, मेन रोड सोडून थोडं आत, बरीच वर्षं बंद असलेलं एक रिसॉर्ट आहे. नाव आणि नेमकी जागा मुद्दाम देत नाहीये, उद्या तिथे रील काढायला गर्दी व्हायला नको. आत्ताचे मालक ओळखीतले आहेत, त्यांनी जागा खूप नंतर घेतली आणि मागच्या उतारावर काय आहे याची त्यांनाही धड कल्पना नव्हती. त्यांना विचारूनच मी आणि माझा आतेभाऊ आत जाऊन आलो, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

पुढचा भाग कुठल्याही पडक्या रिसॉर्टसारखाच, कोरडा स्विमिंग टँक, छप्पर गेलेला डायनिंग हॉल, सगळीकडे घाणेरी आणि रानमोडी माजलेली. मागे उतरलं की दगडी कमान लागते आणि वर गंजक्या पत्र्यावर पुसट अक्षरात 'वन्यप्राणी अभयारण्य' लिहिलंय. आत एका ओळीत चार पिंजरे, जाड गज, वरूनसुद्धा गजच, प्रत्येकाच्या मागे एक अंधारी खोली आणि मधे लोखंडी झडप, ती बाहेरून तार ओढून वर खेचायची, पुली अजून जागेवर आहे. त्यातल्या एका खोलीला लागून अगदी अरुंद पिंजरा, त्याची एक बाजू पुढेमागे सरकते. मग एक गोल खड्डा, दीड पुरुष खोल, भिंती गुळगुळीत, मधे सिमेंटचं खोटं झाड आणि त्याला साखळ्या. पलीकडे हौद, त्याला एका बाजूने उतार आणि उताराच्या टोकाला वाळूचा ढीग. आणि सगळ्यात खाली कुंपणाच्या जाळीचे लांबलचक वाडे, वरून उघडे, आत पत्र्याची शेड.

वॉचमनच्या खोलीत लोखंडी कपाटात एक रजिस्टर मिळालं. ओल लागून पानं चिकटलीत पण मधली काही वाचता येतात, १९८९ आणि १९९० दिसतंय. रकाने आहेत, 'मोठ्याचं मटण', 'केळी', 'गाजर', 'हिरवा चारा', 'मासळी'. मटणाच्या रकान्यात दर मंगळवारी आडवी रेघ आहे, बाकीच्या रकान्यांत नाही, हे काय ते कळलं नाही.

तर इथे नक्की कुठले प्राणी होते आणि त्यांचं पुढे झालं काय हे कसं शोधायचं? शेजारच्या नवीन बंगल्यांत विचारलं, कुणालाच काही माहीत नाही.

जाळीमागचा_माणूस:
मी एका प्राणिसंग्रहालयात किपर होतो, आता रिटायर आहे. तुमचं वर्णन वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

ती मंगळवारची रेघ म्हणजे जनावराचा उपासाचा दिवस. वाघ, सिंह, बिबट्या पिंजऱ्यात असले की त्यांना आठवड्यातून एक दिवस मांस देत नाहीत. जंगलात काही रोज शिकार साधत नाही आणि पिंजऱ्यात हालचाल कमी, रोज भरपेट दिलं की चरबी चढते, पोट बिघडतं. म्हणजे तुमच्या त्या पिंजऱ्यांत मोठं मांसाहारी जनावर होतं हे जवळपास नक्की. रकान्यात किलो लिहिलेत का बघा बरं. पूर्ण वाढलेल्या वाघाला किंवा सिंहाला दिवसाला साधारण ८ ते १० किलो लागतं, बिबट्याला ३ ते ४ किलो. आकडा मिळाला की हिशोब मांडता येईल.

वरून गज आहेत म्हणताय, त्यावरून मला बिबट्या वाटतो. बिबट्या चढणारा, त्याला वरून उघडं ठेवून चालतच नाही. मागची अंधारी खोली म्हणजे रात्रीचा निवारा, सकाळी जनावर पुढे सोडायचं, झडप पाडायची, मग मागची खोली धुवायची, संध्याकाळी मांस मागे टाकायचं म्हणजे ते आपोआप आत येतं. माणूस आणि जनावर एका वेळी एका खोलीत कधीच येता कामा नये, सगळी रचना त्यासाठीच. तो अरुंद पिंजरा म्हणजे इंजेक्शन द्यायला किंवा जखमेला औषध लावायला जनावर हळूच भिंतीशी दाबून धरायचा. तो होता म्हणजे तिथे कधीतरी डॉक्टर येत होता, हे त्यातल्या त्यात बरं लक्षण आहे.

खड्डा अस्वलाचा की माकडांचा ते खोट्या झाडावरून कळेल. अस्वल असेल तर सिमेंट खरवडलेलं, कडा तुटलेल्या दिसतील. साखळ्या लोंबत्या असतील तर माकडं. हौद आणि वाळू म्हणजे मगर, ऊन खायला आणि अंडी घालायला वाळू लागते, आणि मासळीचा रकाना आहेच.

अजून एक बघा. पुढच्या गजांवर छातीच्या खालच्या उंचीला एखादा पट्टा घासून गुळगुळीत झालाय का. कोंडलेलं जनावर एकाच रेषेत फेऱ्या मारत राहतं, वळताना दर वेळी त्याच जागी अंग घासतं. मी हे अनेक पिंजऱ्यांत पाहिलंय आणि त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

भोर_एक्सप्रेस:
खालचे जाळीचे वाडे हरणांचे असतीलही, पण इमूचेही असू शकतात. मधे आपल्याकडे इमू पालनाचं फॅड आलं होतं, तेल आणि मांस विकून लाखो मिळतील म्हणून शेतकऱ्यांना जोड्या विकल्या, २०१२ च्या आसपास सगळं कोसळलं आणि लोकांनी पक्षी अक्षरशः सोडून दिले. अशीच उंच जाळी आणि पत्र्याची शेड असायची. रिसॉर्ट तेव्हा चालू असेल तर पिंजरे जुने आणि वाडे नंतरचे असं होऊ शकतं. जाळीच्या खांबांचं सिमेंट आणि पिंजऱ्यांचं सिमेंट सारखंच दिसतंय का बघा.

पर्वतीपायथा:
हे वाचून पेशवे पार्क आठवलं, पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला असलेलं जुनं प्राणिसंग्रहालय. आमचं माहेर दांडेकर पुलाजवळ, थंडीत पहाटे सिंहाची डरकाळी घरात ऐकू यायची, पाहुणे दचकून उठायचे आणि आम्ही कूस बदलून झोपायचो. महापालिकेने १९५३ साली सुरू केलेलं ते, १९५६ ला फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी आली, अख्ख्या पुण्याच्या पोरांची सुट्टी तिथे गेलीये. आणि वर दादांनी लिहिलंय ते एका रेषेत फेऱ्या मारणं, ते आम्ही रोज बघायचो. मुलं म्हणायची वाघ परेड करतोय. ते काय होतं हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

पुढे १९९९ ला कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय झालं, तलाव धरून १३० एकर जागा, गजांऐवजी खंदक, आणि पेशवे पार्कातले प्राणी हळूहळू तिकडे नेले. सर्पोद्यान तर तिथे त्याआधीपासून, १९८६ पासून, नीलिमकुमार खैरे यांनी उभं केलेलं. पार्काच्या जागी आता ऊर्जा उद्यान आहे. लहान मुलांना सांगितलं की इथे सिंह होता तर त्यांचा विश्वास बसत नाही.

आणि पर्वतीच्या पायथ्याची ही परंपरा त्याहून जुनी आहे बरं का. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांचा शिकारखाना होता, म्हणजे जंगली प्राणी पाळायची जागा. गंगाराम तांबट नावाच्या पुण्याच्याच चित्रकाराने १७९० मध्ये तिथल्या गेंड्याचं चित्र काढलं, तो इंग्रज रेसिडेंट मॅलेटकडे काम करायचा, आणि ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. शिकारखान्याचा एक दगड दाखवता येणार नाही, पण त्या एका गेंड्याचं अंग, त्याच्या घड्या, सगळं आपल्याला माहीत आहे कारण कुणीतरी बसून त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणून टेकडीवाला, तुम्ही मोजमापं घ्या, फोटो काढा, स्केच काढा, काही सोडू नका.

कायद्याचं_बोला:
पुढे काय झालं याचं उत्तर तुमच्या रजिस्टरमधल्या सालातच असावं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण त्यात प्राणिसंग्रहालयांसाठी वेगळं प्रकरणच नव्हतं. ते १९९१ च्या दुरुस्तीने आलं, प्रकरण ४ अ. मग १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याच वर्षी मान्यतेचे नियम आले. त्यानंतर प्राधिकरणाची मान्यता नसेल तर झू चालवताच येत नाही, आणि झूची व्याख्या इतकी मोठी आहे की लोकांना दाखवायला बंदिस्त प्राणी ठेवले की ते त्यात येतंच, तिकीट असो नसो. मान्यतेसाठी जागा, डॉक्टर, प्रत्येक प्राण्याची नोंद, सगळं दाखवावं लागतं. रस्त्याकडेची, हॉटेलमागची, ट्रस्टची अशी कितीतरी छोटी प्राणीघरं यात टिकली नाहीत. १९९० पर्यंत नोंदी आणि नंतर शांतता असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मला सर्वात जास्त वाटते.

कमानीवर काहीही लिहिलेलं असो, अभयारण्य फक्त सरकार अधिसूचना काढून जाहीर करतं, खाजगी मालक करू शकत नाही. त्यामुळे वनखात्याच्या अभयारण्यांच्या यादीत शोधण्यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. कायद्याच्या परिशिष्टातले, म्हणजे संरक्षित यादीतले प्राणी म्हणजे मालकाचं फर्निचर नव्हे. ते कुणाला द्यायचे, कुठे न्यायचे याला परवानगी लागते, कागद लागतो. मेला तर शवविच्छेदन लागतं. म्हणजे जे झालं ते कायद्याने झालं असेल तर त्याचा कागद कुठेतरी आहे. आणि कागद नसेल तर तेही कळायला पाहिजे.

पुणे_टू_एलए:
मी कोथरूडची, सध्या लॉस एंजेलिसला. इथे ग्रिफिथ पार्कमध्ये जुना झू आहे, १९१२ ला सुरू झालेला आणि १९६६ ला बंद केलेला, नवीन झू तिथून दोनेक मैलांवर बांधला आणि प्राणी तिकडे नेले. जुन्या गुहा, पिंजरे, जिने त्यांनी पाडले नाहीत. गुहांमध्ये पिकनिकची बाकं टाकलीयेत, लोक डबे घेऊन येतात, पोरं पिंजऱ्यात शिरून फोटो काढतात. आई आली होती तेव्हा तिला घेऊन गेले, मागच्या खोलीचा दरवाजा एवढासा आहे, वाकूनच जावं लागतं, आई आत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली यात अस्वल वळणार कसं गं. त्या एका वाक्याने मला जे कळलं ते तिथल्या पाटीने कळलं नव्हतं. म्हणून मला वाटतं अशा जागा ठेवाव्यात, माणसाने स्वतःच्या अंगाने मापून बघावं.

पण ठेवणं म्हणजे नुसतं पिकनिक स्पॉट करणं नाही. न्यूयॉर्क राज्यात कॅटस्किल गेम फार्म होता, खाजगी, १९३३ पासूनचा, २००६ ला बंद झाला तेव्हा प्राण्यांचा चक्क लिलाव झाला. काही प्राणी संस्थांनी वाचवायला विकत घेतले पण सगळेच तसे गेले नाहीत. पुढे तिथल्या जिराफाच्या जुन्या घराचं राहायचं गेस्ट हाऊस केलंय. जागा छान सांभाळलीये म्हणतात, पण मला तिथे झोप लागणार नाही, मला आधी ती लिलावाची यादी बघायचीये.

स्पष्टवक्ता_हडपसर:
मी वेगळं मत मांडतो. पाडून टाका ते सगळं. मुक्या जनावरांना कोंडून लोकांनी त्यांच्यासमोर बटाटेवडे खाल्ले, त्याची कसली आठवण जपायची? मालकांना सांगा गज भंगारात द्या, खड्डा बुजवा, देशी झाडं लावा. आंबा, जांभूळ, उंबर लावलं तर चार वर्षांत पक्षी येतील. ते खरं अभयारण्य.

टेकडीवाला:
स्पष्टवक्ता, तुमचा राग मला समजतो आणि झाडं लावायचं मालकांशी बोलणारच आहे, घाणेरी काढायची तर त्यांचीही इच्छा आहे. पण आज पाडलं तर तिथे कोण होतं हे कायमचं जाईल. त्या प्राण्यांना नाव होतं का, कुठून आणलं, कसे मेले, काहीच राहणार नाही. आधी नोंद होऊ दे, मग काय पाडायचं ते ठरवू.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार, परत जाऊन आलो. दादा, तुम्ही म्हणालात ते सगळं बघितलं. गज घासलेले आहेत, दुसऱ्या पिंजऱ्यात, उजव्या कोपऱ्यापाशी, हात फिरवला तर बाकी गज खरबरीत आणि तिथेच काचेसारखे. साखळ्या लोंबत्या आहेत आणि सिमेंटवर ओरखडे नाहीत, म्हणजे माकडं. भोर एक्सप्रेस, खांबांचं सिमेंट वेगळं दिसतंय, खडीसुद्धा वेगळी, त्यामुळे वाडे नंतरचे हे तुमचं बरोबर असावं.

आणि किलो लिहिलेत. १९८९ ची जेवढी पानं उघडली त्यात रोज १२. जुलै १९९० च्या एका पानापासून ८. मधली पानं चिकटलीत.

जाळीमागचा_माणूस:
१२ चे ८ म्हणजे ४ किलो कमी. मला तर वाटतं एक बिबट्या गेला. गेला म्हणजे मेला की दिला ते ती चिकटलेली पानं सांगतील. उरलेले ८ म्हणजे एक वाघ किंवा सिंह असेल, किंवा अजून दोन बिबटे. वरचे गज पाहता मी दोन बिबटे म्हणेन पण पैज लावणार नाही. चौथा पिंजरा बहुतेक आजारी जनावर वेगळं ठेवायला.

आजूबाजूच्या बंगल्यांत विचारू नका, त्यांना काय माहीत असणार. वाडीवर जा. रोज १२ किलो मटण कुणीतरी सायकलवर आणत असेल, पिंजरे कुणीतरी धूत असेल, ती माणसं तिथलीच असणार. साठ सत्तरीच्या पुढच्यांना विचारा आणि घाई करू नका, पिंजऱ्यावर काम केलेला माणूस त्या जनावराबद्दल पहिल्या भेटीत बोलत नाही.

सर्पमित्र_मावळ:
माहिती सगळी छान पण कुणीच हे लिहिलं नाही म्हणून लिहितो. अशा जागी दगडांच्या खाचांत फुरसं आणि घोणस हमखास, अंधाऱ्या खोल्यांत उंदीर असतात म्हणजे नाग येणारच. झडप उचलायला हात खाली घालू नका, आधी काठीने आवाज करा, टॉर्च मारा. घोट्याच्या वरचे बूट घाला. पावसाळ्यानंतर घाणेरीत आग्यामोहोळ नसलं तरी गांधीलमाशी असते. जुन्या रिसॉर्टला कठडा नसलेली विहीर असते, ती रानमोडीने झाकली जाते, पाऊल टाकायच्या आधी बघा. स्लॅबवर चढायचं नाही. चावलंच काही तर कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, तो भाग हलवायचा नाही, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी हॉस्पिटल, नाग मण्यार घोणस फुरसं चारींवर एकच प्रतिविष चालतं त्यामुळे साप मारून न्यायची अजिबात गरज नाही. कुठलं जिवंत जनावर अडकलेलं दिसलं तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

कायद्याचं_बोला:
टेकडीवाला, माहिती अधिकारात दोन अर्ज टाका. एक पुणे वनविभागाला, या जागी बंदिस्त वन्यप्राण्यांचे मालकी दाखले दिले होते का आणि प्राणी हलवायच्या परवानग्या होत्या का, गावाचं नाव आणि गट नंबर घालून. दुसरा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाला, मान्यतेसाठी अर्ज आला होता का, नाकारला असेल तर आदेशाची प्रत आणि प्राणी कुठे पाठवले त्याची यादी. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील. 'का' असं विचारू नका, फक्त कागद मागा, आणि फाइल प्रत्यक्ष बघायची परवानगीही त्यातच मागा, जुन्या फायलींत नेमका कागद आपल्यालाच शोधावा लागतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही जा, शवविच्छेदन झालं असेल तर बहुतेक तिथल्याच डॉक्टरने केलं असेल.

टेकडीवाला:
अर्ज आजच लिहायला घेतो. वाडीवर एक आजोबा भेटले, ते फक्त एवढंच म्हणाले की 'एक पिल्लू होतं, बाटलीने दूध पाजलंय मी', आणि मग गुरांकडे जायचंय म्हणून उठले. परत जाणार आहे, दादांनी सांगितलंय तसं सावकाश.

तोपर्यंत ती चिकटलेली पानं उघडायला कुणी मदत करेल का? घरी उन्हात ठेवून बघू का?

पर्वतीपायथा:
अहो ऊन अजिबात नको, इस्त्री तर नकोच, पानं आकसतात आणि शाई उडते. मी जुन्या कागदपत्रांत थोडंफार काम केलंय. रजिस्टर उभं ठेवा, सावलीत, पंखा लांबून, पानं सुटी होतील तिथे मधे साधा पांढरा टीपकागद घाला आणि रोज बदला, वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई लागते. जी पानं सुटत नाहीत ती नखाने सोडवायला जाऊ नका, तशीच राहू दे. बुरशी दिसली तर मास्क लावा आणि दुसऱ्या वह्यांपासून लांब ठेवा. जेवढी पानं आत्ता वाचता येतायत त्यांचे फोटो आधी काढून घ्या, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता. भांडारकर संस्थेत जुन्या पोथ्यांच्या जतनाचं काम चालतं, लॉ कॉलेज रोडला जाऊन त्यांना दाखवा, सल्ला तरी देतील. मला मेसेज करा, मी येते बरोबर.